एका वेळी एक काडतूस

फुसका आवाज झाला. टाळी वाजवावी तेवढाच. जोलीनने समोर पाहिलं, निशाणाच्या पुठ्ठ्याला भोक पडलं नव्हतं. सवयीने तिने बंदुकीची खिट्टी मागे ओढली आणि रिकामी पुंगळी खडीवर पडली.

"काडतुसाची टोपी ओली असेल," ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेला तिचा बाप, ऑरिन, म्हणाला. "दुसरी घाल आणि मार."

जोलीनने दुसरं काडतूस उचललंसुद्धा. तेवढ्यात तिच्या आईने, वेल्डाने, पुढे होऊन तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको. आधी नळी बघ."

वेल्डाने जन्मात बंदूक चालवली नव्हती. तिचं आयुष्य गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. पण ऑरिन घरी तळघरात हाताने चालवायच्या प्रेसवर काडतुसं भरायचा आणि या खडीच्या खाणीत गावातल्या पोरांना नेमबाजी शिकवायचा. आवाज फुसका आला तर थांबायचं, गोळी नळीतच अडकलेली असेल, मागून दुसरी सोडली तर बंदूक तोंडावर फुटेल, हे तो प्रत्येक पोराला इतक्यांदा बजावायचा की ऐकून ऐकून वेल्डालाही पाठ झालं होतं. आणि आज तोच पोटच्या मुलीला दुसरी मार म्हणत होता.

जोलीनने नळीच्या तोंडातून साफसफाईचा गज आत सरकवला. तो मध्येच अडला. तिने पुन्हा दाबून पाहिलं आणि मग बंदूक हळूच खाली ठेवली. वडिलांकडे बघायची तिची छाती होईना.

"प्रेस खिळखिळी झालीय," ऑरिन म्हणाला. "केव्हापासून म्हणतोय मी."

तिघं ट्रकमध्ये बसून घरी निघाले. प्रेसचा काही दोष नव्हता हे तिघांनाही ठाऊक होतं. प्रेस बिचारी दाबायचं काम करते. बंदुकीची दारू मापून घालायची ती माणसानेच, आणि त्या पुंगळीत ती घालायचीच राहून गेली होती. बुडाच्या टोपीची ठिणगी तेवढी उडाली, आणि तिच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावरच पोचली.

संध्याकाळी तळघरातून हातोड्याचे घाव ऐकू आले. वेल्डा खाली गेली तेव्हा जुनी प्रेस बाकावरून उखडलेली होती, तिचं बिडाचं अंग तडकलं होतं आणि ऑरिन स्टुलावर बसून धापा टाकत होता. नवी आणायची, एवढंच तो म्हणाला.

जोलीनने फोनवर आईला स्पष्ट सांगितलं, सगळं विकून टाक, आज माझं डोकं उडालं असतं. वेल्डाला ते एवढं सोपं वाटत नव्हतं. ऑरिनने उमेदीची वर्षं रेल्वेच्या रुळांवर काढली होती. या वसंतात एकदा गावाबाहेरच्या फाटकाशी त्याने ट्रक थांबवला आणि आगगाडी जायची वाट पाहत बसून राहिला. तिथले रूळ केव्हाच उखडून नेलेले होते. तिने हे मुलीलाही सांगितलं नव्हतं. सकाळी उठून दाढी करून कुठे जायचं असेल तर ते त्याला आता तळघरच उरलं होतं. ते काढून घेतलं तर माणूस खुर्चीत बसून संपून जाईल, ही भीती तिला जास्त होती.

म्हणून सोमवारी तो अंघोळीला गेल्यावर तिने गुपचूप गार्थला फोन केला. गावातलं बंदुकांचं दुकान गार्थचं. नेम धरायला तो ऑरिनकडेच शिकला होता. काय झालं ते तिने आडूनआडून सांगितलं. ती फिरती प्रेस, दांड्याच्या प्रत्येक ओढीला तयार काडतूस बाहेर टाकणारी, ती ऑरिनने मागितली तर संपली म्हणून सांग. तिच्यात एका वेळी सगळीच कामं चालतात, एक चुकलं तरी यंत्र पुढे जातं. गार्थ जरा घुटमळला, मग हो म्हणाला.

दुपारी वेल्डाबरोबर दुकानात शिरताच ऑरिनने नेमकी तीच मागितली.

"नाही हो, ऑरिन. संपल्या," गार्थ म्हणाला. "शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय ना."

ऑरिनने त्याच्या डोक्यावरच्या फळीकडे बोट केलं. खोका तिथेच होता, वर चित्रासकट. गार्थची मान लाल झाली. त्याने वेल्डाकडे पाहिलं, पुरतं पाहिलंही नाही, पण तेवढ्यावर ऑरिन समजला.

"तू याला फोन केलास," तो बायकोला म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मागे बूट बघणारे दोन शेतकरी इकडे बघू लागले.

"मला खुळा समजता काय तुम्ही दोघं?" तो म्हणाला. "गार्थ, तुझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून मी काडतुसं भरतोय. इकडे ये, दाखवतो."

काउंटरच्या कडेला गिऱ्हाइकांना हाताळायला म्हणून एक प्रेस कायमची बसवलेली होती. जवळ रिकाम्या पुंगळ्यांची वाटी. ऑरिनने एक पुंगळी उचलली, बोटांत फिरवून तडा नाही ना ते पाहिलं, खाचेत बसवली आणि दांडा ओढला. हात कसा लोण्यासारखा चालला. वेल्डाला वाटलं, आपणच उगाच घाबरलो. त्याने दांडा वर नेला, पुंगळी काढून डाव्या हातात घेतली, उजवा हात बाजूला नेला, आणि तो हात तिथेच राहिला.

हवेत. कशासाठी नेला होता ते हाताला कळेना.

गार्थ काउंटर पुसू लागला. शेतकऱ्यांपैकी एकाने बूट परत फळीवर ठेवला. ऑरिनची नजर पुंगळीवरून यंत्रावर गेली, यंत्रावरून पुन्हा पुंगळीवर. पुढचं काम वेल्डाला ऐकून ऐकून माहीत होतं. ते सांगितलं तर इतक्या लोकांत त्याची अब्रू जाईल, आणि न सांगावं तर तो असाच उभा राहील.

ती त्याच्याजवळ सरकली.

"मला नेहमी इथेच चुकतं," ती म्हणाली. "टोपी झाली की मग दारू, की आधी गोळी?"

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. ही बाई एकदाही प्रेसपाशी बसलेली नाही हे तो विसरला नव्हता. तेवढं त्याला पक्कं आठवत होतं, आणि ती काय करते आहे तेही कळत होतं.

"दारू," तो म्हणाला. "टोपी, मग दारू. गोळी शेवटी." त्याने पुंगळी वाटीत परत ठेवली. नुसती टाकली नाही, ठेवली. मग गार्थकडे वळून म्हणाला, "ती फिरती राहू दे. साधी दे एक. एका वेळी एकच काम करणारी."

"साधीच चांगली," गार्थ घाईने म्हणाला.

"चांगली म्हणून नाही. हिला शिकवायचंय मला. नवशिक्याच्या हातात फिरती देत नाहीत." मग पुढे म्हणाला, "दारूच्या मापाचं नवं पुस्तकही दे. हिला वाचून करू दे. माझ्या तोंडी सांगण्यावर नको."

साध्या प्रेसचा खोका उचलायला गार्थ पुढे आला, पण ऑरिनने तो स्वतः ट्रकपर्यंत नेला. वेल्डाने दार उघडून धरलं. वाटेत ती म्हणाली, मी फोन करायला नको होता. तो म्हणाला, नको होता. पुढच्या वळणावर रस्त्याकडे बघत त्याने विचारलं,

"जोलीनला मी खरंच दुसरी मार म्हणालो?"

"हो."

त्याने मान हलवली.

दोन दिवसांनी प्रेस बाकाला आवळून झाली. स्टुलावर वेल्डा बसली, ऑरिनने स्वतःसाठी वरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. तिची बोटं जाड, शाळेत कणीक तिंबून तिंबून फुगलेली. पहिल्या दोन पुंगळ्या तिने चेपवल्या. तो रागावला नाही. दांडा मुठीने नाही, खांद्याने ओढ, म्हणाला. दारू भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यावर ओळीने उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने गोळ्यांना हात लावू दिला नाही. आधी दिवा धरून एकेकीत डोकाव, म्हणाला. ती डोकावत गेली.

"दिसते दारू?"

"दिसते."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा दिवा धरला, पुन्हा पहिलीपासून बघत गेली आणि दिसते म्हणाली. मग तिने गोळी बसवायला घेतली. दांडा खाली ओढताना तिची नजर बाजूला गेली. ऑरिन समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता, आणि मांडीवर ठेवलेली त्याची उजवी मूठ तिच्या दांड्याबरोबर तेवढीच, सावकाश, खाली जात होती.