हेमराजला विचारलेले प्रश्न

पडद्यावरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ते लाल अधिकचिन्ह उमटलं होतं, मुंगीच्या डोक्याएवढं — म्हणजे मजकूर मावत नाही, उरलेला आत कुठंतरी अडकून पडलाय — आणि साधनाला आठवलं, हेमराज याला ‘उतू गेलं’ म्हणतो. परवा जेवताना हसत म्हणाला होता, दुधासारखंच असते ते, लक्ष हटलं का गेलं. आणि तीही हसली होती. खरंच हसली होती... मग ताट उचलून आत आली आणि ओट्याशी उभी राहून फोनवर ते टिपून घेतलं.

आरमोरीतल्या या खोलीत बसून ती पुण्याच्या कंपनीचं काम करायची. पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आता माणूस बसणार नव्हता, एआय एजंट स्वतःच पान लावणार होता, आणि त्याच्या हाती दिलेलं एकेक टूल काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, हे लिहायचं काम साधनाचं. काय करतं ते सोपं. कधी वापरू नये — ते तिला कुठून ठाऊक असणार? ते नवऱ्याला ठाऊक होतं. हेमराज वडसाच्या प्रेसमध्ये झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं संगणकावर मांडायचा, रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन.

म्हणून तिनं विचारायला सुरुवात केली. त्याआधी त्यांच्यात बोलणं उरलं होतं ते सिलेंडर, दूध आणि धानाच्या भावापुरतं. नागपूरला जाऊ असं ती म्हणाली होती, तो नाही म्हणाला होता, आणि तेव्हापासून दोघंही जपून बोलायची. एके दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं — पोस्टरवर कुणाचा चेहरा मोठा ठेवायचा, हे कसं ठरवता? त्याचा घास हातातच राहिला. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. हिरोईन मोठी, पण विनोदी नटाचं नाव खाली गेलं तर गावची माणसं येत नाहीत; ताटातल्या वरणात बोटानं चौकट काढून दाखवली त्यानं. किती दिवसांनी त्याचे डोळे असे दिसले मला, तिच्या मनात आलं. आणि मी काय करत होते? मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असेल, पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही... त्या वेळी बरं वाटत होतं, एवढंच.

कंपनीतली दिव्यानी तिचं कौतुक करायची. तुमची ‘वापरू नये’वाली वाक्यं सगळ्यांत चांगली येतात, म्हणायची. आणि मागच्या आठवड्यात हेमराजच घरी येऊन सांगत होता, प्रेसचा मालक नवीन सॉफ्टवेअर आणणार म्हणतो, तिघांचं काम एकटंच करते म्हणे. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यानं. ते तिच्याच कंपनीचं होतं. साधना खाली बघून पोळी मोडत राहिली.

आज शेवटचं टूल होतं: रिकाम्या चौकटी काढून टाकणं. तिनं हेमराजच्याच जुन्या पोस्टरवर ते चालवून पाहिलं. एजंटनं लाल चिन्ह घालवलं, नावं सरळ केली, आणि तळाची लांबलचक कोरी पट्टी रिकामी आहे म्हणून काढून टाकली. ती पट्टी काढायची नसते. एकच नाटक गावोगाव जातं. पोस्टर आधी छापतात, गाव मागाहून ठरतं, मग मंडळाची पोरं त्या कोऱ्या जागेत गावाचं नाव नि तारीख हातानं लिहितात. हे तिला त्यानंच सांगितलेलं. ‘ही पट्टी काढू नये’ एवढं एक वाक्य लिहायचं राहू दिलं असतं तर... तर पहिल्याच खेपेला शेकड्यानं पोस्टरं वाया गेली असती, मालकानं कपाळाला हात लावला असता आणि हा हंगाम तरी हेमराजला खुर्चीवरून कुणी उठवलं नसतं.

तिनं ते वाक्य लिहिलं. नीट लिहिलं, दोनदा वाचलं, एक शब्द बदलला. लिहिताना हात अडखळलाही नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटत राहिलं. काम पाठवलं आणि भात टाकला.

दिवेलागणीला हेमराज आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. तिनं वाढलं. तो जेवू लागला, मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा, पुन्हा जेवायचा. शेवटी म्हणाला,

“आज काई इचारत नाई का?”

“नाई... आज काई नाई.”

“मी त रस्त्यानं इचारच करून राह्यलो होतो, आज ही का इचारन म्हून. प्रेसमधी त मले कोनी काई इचारत नाई.”

काहीतरी विचारायला हवं होतं. प्रेसचं नाही, पोस्टरचं नाही, दुसरंच काही — कुणालाही उपयोगी न पडणारं, फक्त त्याचं. तिनं आमटीची वाटी पुढं सरकवली आणि शोधू लागली, मनाचे सगळे कोपरे धुंडाळू लागली... तो वाट बघत होता, हात ताटात थांबवून. आणि इतक्या दिवसांत इतकं विचारून झाल्यावर तिला कळत होतं की या माणसाला काय विचारावं, हे तिला ठाऊकच नाही.