अकरा पट सावकाश

“तो तक्ता वगळा,” मी तिसऱ्यांदा सांगितलं आणि यांनी तिसऱ्यांदा मान हलवली. दहा मिनिटांत स्क्रीनवर बैठक सुरू होणार होती.

प्रोग्रामिंगची एक भाषा घडवणाऱ्या मंडळात आमचे हे आहेत. भाषेसोबत जी तयार साधनं मिळतात, त्यांतला संख्यांचा भाग यांच्याकडे. कॉम्प्युटरला एक दशांश धड साठवता येत नाही. त्यात दोन दशांश मिळवले की उत्तर तीन दशांशांच्या किंचित पुढे जातं. मी शाळेत गणित शिकवते. वर्गात असल्या उत्तराला भोपळा दिला असता. जग मात्र चालवून घेतं. यांना चालवेना, म्हणून यांनी नेमकं उत्तर देणारी संख्या बांधली. प्रोग्राममध्ये नुसता अपूर्णांक लिहिला, तर तो आपोआप याच प्रकारचा धरावा, एवढंच मागणं त्यांनी मंडळापुढे प्रस्ताव लिहून ठेवलं. सहा वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या.

तर त्या प्रस्तावातला तो तक्ता. यांची संख्या नेहमीच्या संख्येपेक्षा एरवी जेमतेम दुप्पट वेळ घेते, पण एका विचित्र भागाकारात अकरा पट. तसला भागाकार कुणी करत नाही. शोधून काढला तोही यांनीच.

“कुणी विचारलंय का तुम्हाला?”

“नाही विचारलं, म्हणून लपवू?”

कपाळ माझं. मी तपासायचे पेपर घेऊन शेजारी बसले.

तासभर चर्चा झाली ती तक्त्यातल्या त्या अकरा पटीच्या एका ओळीवर. प्रस्तावाची बाकीची पन्नास पानं कुणी उघडली नसावीत. सातांपैकी पाच मतं विरोधात गेली. अपूर्णांक पूर्वीसारखाच, वेगवान. यांची संख्या हवी त्याने वेगळी मागून घ्यावी. मला इतका संताप आला, की वायरच उपटावीशी वाटली.

वर मंडळाच्या प्रमुखबाई म्हणाल्या, उत्तर चुकतं अशी तक्रार नवे लोक सारखी करतात. त्यांना समजावणारं एक पान तुम्हीच लिहा. हे ‘हो’ म्हणाले.

“नाही म्हणता येत नव्हतं?” बैठक संपल्यावर मी विचारलं.

“दुसरं कुणी चुकीचं लिहील.”

त्यांनी कोरं पान उघडलं. वर प्रश्न लिहिला, ‘एक दशांश अधिक दोन दशांश: ही भाषेची चूक आहे का?’ खाली लिहिलं, ‘नाही.’ मग हात तसेच कीबोर्डवर राहिले आणि किती तरी वेळ पुढचं अक्षर उमटलं नाही.