खिडकीजवळची खुर्ची

“काकू, आवडीनिवडी तुम्हीच लिहा ना. काहीही लिहा,” यंदा निवड झालेली ती मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

काहीही लिहा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या विद्यापीठातून दरवर्षी आठ जण दीड महिना परदेशी इंग्रजी शिकायला जातात, तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहतात. त्या घराला आधी आपली ओळख करून देणारं पत्र पाठवायचं असतं. खरं तर ते ज्याचं त्यानं लिहायचं. पण या पोरांचं पेन दोन ओळींत थांबतं, मग ऑफिसात मी आहेच हक्काची. एकोणीस वर्षं लिहितेय.

मी शिकत होते तेव्हा यादीत माझंही नाव लागलं होतं. नेमकी त्याच महिन्यात घरच्यांनी लग्नाची तारीख धरली. खोटं कशाला बोलू, दरवर्षी ही आठ नावं टाइप करताना माझ्या पोटात दुखतं. आणि हिला तर जायचं कौतुकही नव्हतं. “तिथं नेट नीट असतं ना?” एवढंच विचारलं बाईसाहेबांनी.

मग लिहिलं मी. माझंच लिहिलं. मी पहाटे उठते. चहा बिनसाखरेचा घेते. घर जागं व्हायच्या आत खिडकीशी बसून वाचायला मला फार आवडतं. तिनं न वाचताच सही ठोकली.

पोचल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन. “काय लिहून ठेवलंत हो काकू? इथल्या आजींनी माझ्यासाठी माळ्यावरून खुर्ची काढून खिडकीपाशी मांडलीय. रोज सहाला बिनसाखरेचा चहा घेऊन दार वाजवतात. मी नऊपर्यंत लोळणारी!”

मागोमाग फोटो आला. लाकडी खुर्ची, पाठीला उशी, शेजारी घडी घातलेली शाल. माझी खुर्ची. असा जळफळाट आयुष्यात झाला नव्हता.

“सांगून टाकू का, पत्र तुम्ही लिहिलं होतं म्हणून?”

‘सांग’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

“अजिबात नको,” मी म्हटलं. “त्यांनी एवढ्या हौसेनं मांडलीय. उद्यापासून सहाला उठायचं आणि तिथं बसायचं.”

“बसून करू काय?”

“वाचवत नसेल तर बाहेर बघ. काय दिसतं ते मला कळव.”

दुसऱ्या दिवशी तिचा आणखी एक फोटो आला. खुर्चीत ती, विस्कटलेले केस, हातात कप. खाली लिहिलं होतं, ‘समोर एक झाड आहे.’

तो फोटो मी पुसून टाकला. रिकाम्या खुर्चीचा मात्र ठेवलाय.