अंगठा काही उचलेना

तिसऱ्यांदा घोटा मुरगळला तेव्हा कोचनी माझे महागडे बूट काढायला लावले. बास्केटबॉलवाल्याचे पाय आतून मजबूत हवेत म्हणे.

“फक्त अंगठा उचल. बाकीची बोटं जमिनीवर.”

मी सगळा जीव एकवटला. अंगठा ढिम्म, भुवया मात्र वर.

“भुवयांनी उडी मारता येत नाही,” कोच म्हणाले.

घरी टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी ओढत बसलो. मी घामाघूम, टॉवेल जिथल्या तिथे. तेवढ्यात आई आली. कंबर धरते म्हणून ती वाकत नाही. तिने जमिनीवरचा माझा मोजा पायाच्या बोटांत अलगद पकडला आणि वर उचलून हातात घेतला.

“आई, हे कुठे शिकलीस?”

“तुझेच मोजे उचलून उचलून. वीस वर्षांचा सराव आहे.”