तात्पुरत्या डिस्कचा सप्ताह

दिंडोरीजवळच्या एका गावात द्राक्षबागायतदारांचा गट होता, आणि त्यातील एकेचाळीस बागांच्या फवारणीची नोंद ठेवण्याचे काम शुभांगीकडे होते. नाशकात संगणक शिकून परतलेली ती गावातली पहिलीच मुलगी. कोणत्या बागेवर, कोणत्या दिवशी, कोणते औषध मारले, याची अखंड नोंद दाखवल्याखेरीज माल परदेशी जात नसे. गटाच्या कार्यालयातला संगणक थकलेला, म्हणून दोन हजार नऊ साली तिने सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला. त्याला दोन डिस्क होत्या. एक कायमची, पण चिंचोळी. दुसरी तात्पुरती, पण ऐसपैस. शुभांगीने नोंद ऐसपैस जागी ठेवली. मधल्या काळात सर्व्हर दोनदा रिस्टार्ट झाला आणि दोन्ही वेळा नोंद जागच्या जागी सापडली. तेव्हा धर्मशाळेत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाप्रमाणे तिलाही त्या जागेचे तात्पुरतेपण विसरायला झाले.

माघात कंपनीचे पत्र आले. सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो ते जीर्ण झाले असून, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी तो पूर्ण बंद करून दुसऱ्या यंत्रावर चालू करण्यात येईल. कायमच्या डिस्कवरचे सारे टिकेल. तात्पुरती मात्र कोरी मिळेल. आणि त्यानंतरच्याच शनिवारी निर्यातीची तपासणी होती.

उपाय अवघ्या अर्ध्या तासाचा होता. कायमची डिस्क वाढवून मागवायची आणि नोंद तिकडे उतरवायची. परंतु चूक आपली, ती आधी वडीलधाऱ्यांच्या कानी घालावी, या संस्काराने ती गटाचे प्रमुख कोंडाजी यांच्याकडे गेली.

सगळे ऐकून कोंडाजी म्हणाले, "म्हंजे निजून उठला तर त्याला याद राहती, अन् मरून उठला तर इसरतो."

"तसंच, आबा."

"मग मरू द्यायचाच नाय."

गावाला सप्ताह मुखोद्गत होता. सात दिवस वीणा भूमीला टेकू द्यायची नाही. दोन-दोन तासांचा पहारा, आणि एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शुभांगी कार्यालयात पोहोचली तेव्हा दाराला आंब्याचे डहाळे लागले होते, वीज गेलीच तर म्हणून बाहेर ट्रॅक्टरला जनरेटर जोडलेला होता, भिंतीवर पहाऱ्याची यादी होती आणि गटातला वाल्मीक टोपी घालून, संगणकावर हात ठेवून बसला होता.

"वाल्मीकभाऊ, सर्व्हर इथं नाहीये. तो परदेशात आहे. ही नुसती त्याची खिडकी."

"तसबिरीला केलेला नमस्कार पोचतो का नाय, ताई?"

"पोचतो, पण मला अर्धाच तास..."

"मग लांबूनच कर. पहारा चालू हाय. अन् ही खिडकी मधीच मिटती, तिला काय करायचं?"

"दोन तासांत एक नोंद टाका, नाही मिटणार," ती वैतागून म्हणाली, आणि पहारा मागायला कोंडाजींकडे गेली. सर्व्हरमध्ये शिरण्याची किल्ली त्याच संगणकात होती. दुसरीकडून जाणे शक्य नव्हते.

"यादी भरली," कोंडाजी म्हणाले. "अन् जिच्या हातनं चुकलं तिच्याच हाती वीणा दिली तर लोक मला काय म्हनतील?"

तीन दिवस ती दाराशी जाऊन परत आली. चौथ्या दिवशी दुपारचा पहारा नवसाबाईंचा होता. पहाटे नाशकात झेंडू विकून त्या तशाच येऊन बसल्या होत्या.

"मावशी, तुमचा पहारा मला द्या."

"पहारा देत नसत्यात, बाई. पर मांडीला मांडी लावून बसाया कोन नाय म्हनलंय? माझा हात डब्यावर, तुझा कळांवर."

अर्ध्या तासात एकेचाळीस बागांची नोंद कायमच्या डिस्कवर उतरली, आणि पुढील नोंदीही तिथेच पडतील अशी व्यवस्था झाली. शुभांगीने निःश्वास सोडला, आणि मग तिची दृष्टी औषधाच्या रकान्याकडे गेली. पहिल्या क्रमांकाची, म्हणजे खुद्द कोंडाजींची बाग उघडी होती. गुरुवारपासून दर दोन तासांनी तिच्यावर एकच औषध मारल्याची नोंद होती: राम. निर्यातीच्या नियमानुसार एकदा झालेली नोंद पुसता येत नसे. ती सोय शुभांगीने स्वतःच काढून टाकली होती.

"सरक जरा, माझं ऱ्हायलंय," नवसाबाई म्हणाल्या आणि एका बोटाने अक्षरे शोधत त्यांनीही ते औषध मारले.

सात दिवस भरले त्या गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद झाला, नव्या यंत्रावर उठला, आणि सगळी नोंद जशीच्या तशी उभी राहिली. गावाने काला वाटला.

शनिवारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी पहिलीच बाग उघडली, चष्मा पुसला आणि विचारले, "हे राम कुठल्या कंपनीचं?"

साहेबांनी स्वतःच नोंदी मोजल्या.

"चौऱ्याऐंशी वेळा मारलंय. सात दिवसांत. रात्रीसुद्धा. काढणीआधी किती दिवस थांबावं लागतं याला?"

"त्याला थांबावं लागत नाय, साहेब," कोंडाजी म्हणाले.

शुभांगी पुढे झाली. तात्पुरती डिस्क, पत्र, पहारा, स्वतःची चूक, सारे तिने क्रमाने सांगितले. पहिली बाग नापास झाली तर गटाच्या उरलेल्या चाळीस बागांवरही कोणी विश्वास ठेवणार नव्हते.

साहेबांनी दोन याद्या चाळल्या. "परवानगीच्या यादीत नाही. बंदीच्याही नाही." मग त्यांनी त्या बागेच्या घडांचा प्रयोगशाळेतला अहवाल काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि नोंदीच्या छापील प्रतीखाली लिहिले: कोणत्याही औषधाचा अंश आढळला नाही. सही केली. "जाऊ द्या माल."

बाहेर वाल्मीक क्रेट मोजू लागला. कोंडाजींनी मात्र तो कागद हाती घेतला, साहेबांचे वाक्य शुभांगीला दोनदा वाचायला लावले, आणि साहेब गाडीत बसत असताना त्यांच्यामागे गेले.

"साहेब, यंत्र बरूबर हाय ना तुमचं? आठी प्रहर नाम चाललं होतं, सात दिवस. अंशसुद्धा नाय?"