माझ्या गोठ्यातला हवालदार

मित्रांनो, माझे दात झिजले आहेत आणि उतरणीला मागचा पाय कुरकुरतो, तरी मी अस्सल संगमनेरी जातीची शेळी आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझे नाव पवळी. राहुरीच्या अलीकडे कालव्याला लागून एक वस्ती आहे. तिथे छबूबाईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझी करडे इथेच वाढली. माझ्या दुधावर या घरचा चहा कित्येक वर्षे चालला. आता मी आटले आहे. "हिला कशाला ठेवलीय?" असे पाहुणे माझ्या तोंडावर विचारतात. छबूबाई म्हणतात, "ती हाय म्हनून गोठा हाय." हे उत्तर मला फार आवडते. त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

छबूबाईंचे यजमान राधाकृष्णराव. नोकरीत असताना ते गावोगाव विजेच्या मीटरचे रीडिंग घेत फिरायचे. मीटर दाराच्या आत असायचा आणि कुत्रा दाराच्या बाहेर. त्यामुळे तालुक्यातली बरीच कुत्री त्यांना तोंडापेक्षा पोटरीवरून जास्त ओळखत. निवृत्त झाल्यावर ते म्हणाले होते, "आता मला काय नको. फक्त दारात कुत्रं नको."

आणि एके दिवशी छबूबाईंची भाची निकिता नगरहून गाडीत कुत्रा घेऊन आली.

निकिता तिकडे टाकून दिलेल्या कुत्र्यांचा सांभाळ करणाऱ्या मंडळींबरोबर काम करते. हा कुत्रा तिला एका बंद पडलेल्या ढाब्यामागे खांबाला बांधलेला सापडला होता. ज्याने बांधला तो निघून गेला होता. कुत्र्याच्या अंगावर कातडे असे लटकत होते, जसा तारेवर ओला टॉवेल. गाडीचे दार उघडले तरी तो उतरेना. कोणी शिंकले तरी लघवी करायचा.

"आत्या, घर मिळेपर्यंतच सांभाळ," निकिता म्हणाली. "आमच्याकडे पिंजरे भरलेत. आणि हा पिंजऱ्यात खातच नाही. वजन वाढलं नाही तर जगायचा नाही गं."

राधाकृष्णराव तोवर ओट्यावर चढून, दाराची कडी हातात धरून उभे होते. "निकिता, त्याला इंजेक्शन दिलंय का?"

"दिलंय, मामा."

"मग मला बी एक देऊन जा."

पण छबूबाईंनी त्याला पाहिले होते आणि निकाल लागला होता. त्याला माझ्या गोठ्यात आणून ठेवले. मला कोणी विचारले नाही. त्याचे नाव राधाकृष्णरावांनीच ठेवले, तेही ओट्यावरूनच. "हवालदार म्हना त्याला. नावानं तरी अंगात जोर येईल."

हवालदार माझ्या मागे जाऊन बसला. माणूस आला की तो माझ्या पोटाखाली शिरायचा. मी आयुष्यात कधी कोणाचे संरक्षण केले नव्हते. पण कोणी आपल्याला घाबरून न पळता आपल्याकडेच पळत आले, की मान आपोआप उंच होते, मित्रांनो. मी त्याला राहू दिले.

छबूबाई रोज ॲल्युमिनियमच्या ताटलीत दूधभाकरीचा काला कुस्करून आणत आणि लाडाने म्हणत, "खा रे, हवालदारा, खा माझ्या राजा." त्या तिथेच टक लावून बसत. त्या बघत असेपर्यंत तो ताटलीकडे पाहतसुद्धा नसे. शेवटी त्या उसासा टाकून घरात जात आणि थोड्या वेळाने परत येऊन बघत, तर ताटली चाटूनपुसून लख्ख! मग त्या आनंदाने अंगणभर सांगत, "खाल्लं गं बाई, सगळं खाल्लं!"

खाल्ले होते हे खरेच. पण ते मी. काला समोर असताना संगमनेरी शेळीने काय डोळे मिटून बसायचे?

निकिता वजनकाटा घेऊन आली, तेव्हा हवालदाराचे वजन होते तिथेच होते. त्याच दिवशी माझे पोट ढोलासारखे फुगले. मी चारी पाय पसरून कण्हत उभी. छबूबाईंनी मला नळीने गोडेतेल पाजले, राधाकृष्णरावांनी माझे पोट चोळले, आणि निकिता एकदा माझ्याकडे, एकदा ताटलीकडे पाहून म्हणाली, "आत्या, तू दत्तक नक्की कुणाला घेतलंयस?"

मग ठरले, की हवालदार खाईपर्यंत मला कोणीतरी धरून बसायचे. छबूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांच्याने मी आवरत नसे. उरले राधाकृष्णराव.

"मी? त्या जनावराजवळ?" ते ओरडले.

"शेळीजवळ बसायचंय तुमी. कुत्र्याकडं बघू बी नका."

"बघतोय कशाला! पाठ करून बसतो."

आणि खरोखरच ते पाठ करून बसले. एका हातात माझा कान, दुसऱ्यात माझे दावे, डोळे घट्ट मिटलेले. भीतीने त्यांचे गुडघे इतके हलत होते की माझी घंटी वाजत होती. मागे बराच वेळ काहीच झाले नाही. मग लपलप आवाज आला. हवालदार जेवत होता! लाडाने बोलणाऱ्या, टक लावून बघणाऱ्या छबूबाईंसमोर जो घास घेत नव्हता, तो या थरथरणाऱ्या माणसाच्या पाठीमागे बसून ताटली पुसून खात होता. मला वाटते, समोरचा आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे, हे त्याला कळले असावे.

तेव्हापासून हाच नेम पडला. राधाकृष्णराव पाठ करून बसत आणि वेळ जावा म्हणून जुन्या गिऱ्हाइकांच्या मीटरच्या कथा मला सांगत. मला त्यात काडीचा रस नव्हता. पण मागे जेवण संपले तरी हवालदार उठून जात नसे. ऐकत बसायचा.

एके दुपारी राधाकृष्णराव असेच बोलत होते आणि हवालदाराने हळूच येऊन त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकली.

राधाकृष्णरावांचा आवाज चिरका झाला. "छबू... माझ्या पाठीवर काय हाय?"

छबूबाई दारात आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "काय न्हाई. तुमी हलू नका."

"ते गरम हाय, छबू."

"असू द्या. बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काय बी बोला, पन उठू नका!"

मग त्या माणसाला काही सुचेना, म्हणून त्याने घामाघूम होत बेचा पाढा म्हटला. हवालदाराने डोळे मिटले. त्या दिवशी माझे दावे सुटले होते आणि ताटलीत भाकरीचा तुकडा उरला होता. मी तो खाल्ला नाही. माझ्या चरित्रात एवढे तरी लिहून ठेवा.

हवालदार भरला. फासळ्या झाकल्या, केसांवर तकाकी आली. तो राधाकृष्णरावांच्या मागे कालव्यापर्यंत जाऊ लागला, अर्थात मी बरोबर असले तर. मग त्याला घर देण्यासाठी निकिताने माणसे आणायला सुरुवात केली.

पहिले एक साहेब सहकुटुंब आले. गाडीतून उतरताच ते गरजले, "कम ऑन, टायगर!" टायगर माझ्या पोटाखाली गेला. साहेबांनी वाकून त्याचा पाय ओढला. मी माझ्या शिंगांनी साहेबांना, जिथे मांस जास्त असते तिथे, एक निरोप दिला. "हा काय राखण करणार? हा तर दुसरी शेळीच आहे," असे म्हणून ते निघून गेले. त्यात अपमान कसला, हे मला आजही कळलेले नाही.

छबूबाई म्हणाल्या, "आता नकोच कुनी. आपल्याकडंच ऱ्हाऊ द्या."

राधाकृष्णरावांनी माझे दावे खुंटीला अडकवले. मग म्हणाले, "मला काय नको वाटतंय व्हय? पन ते अजून पोर हाय, छबू. आपलं वय काय? आपल्यामागं परत एखाद्या खांबाला बांधला गेला तर?"

छबूबाई ताटली उचलून घरात गेल्या. मी रवंथ थांबवला.

नंतर कोपरगावहून सुरेखाताई आल्या. त्यांची रोपवाटिका होती, घरात त्या एकट्याच. त्या "ये, ये" म्हणाल्या नाहीत. राधाकृष्णरावांनी त्यांना सांगितले, "ताई, इथं लेंड्या हायेत, पन इथंच बसावं लागंल. पाठ करून." त्या साडी सावरून बसल्या आणि पिशवीतली मेथी निवडू लागल्या. मी मेथी खाल्ली. त्यांनी मला हाकलले नाही. ऊन उतरल्यावर हवालदार पुढे आला, त्याने त्यांची वेणी हुंगली आणि त्यांच्या शेजारी बसला. छबूबाई डोळे पुसत चहा टाकायला गेल्या. राधाकृष्णराव गोठ्याच्या मागे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

हवालदार सुरेखाताईंबरोबर गेला तेव्हा मी जोरात ओरडले. मक्याचा चाराही दोन वेळा नाकारला. तिसऱ्या वेळी हिरवा लसूणघास होता, तेव्हा नाइलाज झाला.

मध्यंतरी राधाकृष्णराव एसटीने त्याला भेटायला कोपरगावला जाऊन आले. परतल्यावर घरातही न जाता ते गोठ्यात छबूबाईंपाशी आले.

"छबू, अगं, फाटकाशी गेलो तर मोठ्ठ्यानं भुंकला माझ्यावर! छाती पुढं काढून!"

छबूबाई घाबरल्या. "अगं बाई! मग पळालात का तुमी?"

"पळतोय कशाला? तितंच उभा ऱ्हायलो. आपल्याकडं व्हता तवा तोंडातनं आवाज तरी काढला व्हता का त्यानं? आता घर हाय त्याला राखायला." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसले. "मग वास आला माझा, आन मला पाडलंच खाली. हे बघ, पायजमा फाटला."

तो फाटका पायजमा ते गावभर दाखवत हिंडले. छबूबाईंना तो शिवू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातही कधी एखादा भेदरलेला जीव येईल. त्याला लगेच उचलू नका, कुरवाळू नका, त्याच्यावर टॉर्च मारून फोटो काढू नका. पोटाला द्या, पाणी द्या, आणि त्याला भीती वाटायची तेवढी वाटू द्या. ती आपल्या वेळेने जाते. तुम्हाला स्वतःलाच भीती वाटत असेल तरी हरकत नाही, जवळपास बसून राहिलात तरी पुष्कळ आहे. आणि घरात माझ्यासारखे कोणी म्हातारे, आटलेले असेल, तर त्याच्यासाठीही वेगळी ताटली ठेवा. नाहीतर पोट फुगते.