न धुतलेली बाटली

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बाटली आहे. कोनाड्यात रिकामी उभी असते. लेकरं विचारतात, हिच्यात काही भरत काऊन नाही? ते सांगायलाच तोंड उघडलं आहे.

भट्टीत फुंकून मला घडवलं. सरबत भरून शेगावला आले आणि तिथून अर्जुनरावाच्या पिशवीतून जानेफळला. सरबत संपल्यावर त्याच्या आईनं, कौशल्याबाईनं, मला औषधाला नेमलं. तेव्हा दवाखान्यात घरचीच बाटली न्यावी लागे. कंपाउंडर औषध मिसळून ओते आणि माझ्या पोटावर कागदाची दातेरी पट्टी डकवी. एक दात म्हणजे एक डोस. माझ्यातल्या औषधानं कोणाचा ताप उतरला, कोणाचे जुलाब थांबले. "गुणाची हाय बाटली," कौशल्याबाई म्हणे. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे खडकाला पाझर!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सून पुष्पाबाईला खोकल्यानं झोप लागेना. कंपाउंडर रंगराव औषध करता करता कोणाशी तरी निवडणुकीच्या गप्पा हाणत होता. अफूचा अर्क थेंबाथेंबानं घालायचा, तो त्यानं धारेनं ओतला. मी पाहिलं. पण मला तोंड असून वाचा कुठं?

पुष्पाबाई औषध घेऊन निजली ती उठलीच नाही. दोन लेकरं मागं राहिली. लोक म्हणाले, नशीब. देहाची राख झाली.

तिसऱ्या दिवशी घर सारवणं चाललं होतं. शेजारची बेबीताई मला धुण्याच्या दगडावर घेऊन बसली. "घासून देतो काकू, घासलेट ठेवाले कामी येईन." ती तांब्या उचलणार, तोच रंगराव दारात उभा.

"मावशी, दवाखान्याची बाटली राह्यली तुमच्याकडं. घेऊन जातो."

कौशल्याबाईनं सारवणाचा हात थांबवला. "काऊन हो रंगराव? गावात इतकी मानसं मेली. आजवर कोन्या बाटलीमांगं दवाखाना चालत आला होता?"

रंगराव कपाळ पुसू लागला.

"अन् बाटली माह्या घरची हाय. गळ्यापाशी टवका हाय तिच्या, माह्याच हातानं उडालेला. बेबे, ठेव ते खाली! थेंबभर पानी पडलं तर पयली फिर्याद तुह्यावर."

अर्जुनराव कसाबसा बोलला, "माय, गेलेली काही येते का? रंगराव आपल्याच नात्यातला."

"बायको तुही गेली, अन् अब्रू त्याची झाकतं? चाल वकिलाकडं."

मेहकरच्या कय्यूम वकिलांनी मला उजेडात धरलं. तळाशी औषध उरलं होतं. "आजी, देह तर राह्यला नाही. आता तुमच्या सुनंच्या वतीनं बोलनार ते हेच. हयगयीनं जीव घेतला म्हनून पोलिसात फिर्याद द्या. लेकरांसाठी दिवानी कोर्टात भरपाई मागा. त्याले मुदत असते, उशीर नका करू. अन् दवाखान्याचा परवाना रद्द व्हावा म्हनून औषध निरीक्षकाकडं अर्ज करा. एक वाट धरली म्हनून दुसरी बंद होत नाही."

"तिन्हीनं चालतो. पाय शाबूत हायेत अजून."

पोलिसांनी पंचांसमोर मला कापडात गुंडाळून लाखेची मोहर केली. लाख थंड होईस्तोवर कौशल्याबाई जागची हलली नाही. तपासणीत माझ्या तळाशी अफूच अफू निघाली.

मग कोर्टाच्या कपाटात अंधारात पडून राहिले. झुरळांशिवाय सोबत नव्हती. तारखांमागून तारखा पडत. दर तारखेला बाहेरून एकच आवाज येई, "माही बाटली जागेवर हाय ना बे?"

शेवटी रंगरावाला शिक्षा झाली. सारं त्याच्यावर सोपवून मोकळ्या झालेल्या डॉक्टरालाही भरपाई भरावी लागली, आणि दवाखान्याला कुलूप लागलं. लेकरांच्या शाळेची सोय झाली. त्यांची माय मात्र कोणत्याच वाटेनं परत आली नाही.

निकालानंतर मला सोडवून कौशल्याबाई एसटीनं मांडीवर घेऊन आली. त्याच दगडापाशी राख घेऊन बसली.

"काकू, आना इकडं, मी धुतो," बेबीताई म्हणाली.

"नको वं. इतके दिवस मीच हिले धुऊ देल्लं नाही. आता मीच धुतो."

कागदाचा शेवटचा दात सुटून गेला, पाणी नितळ निघालं, तरी ती धूतच राहिली. मग तिनं मला कोनाड्यात ठेवलं आणि पुन्हा माझ्यात काही भरू दिलं नाही.

मित्रांनो, घरातलं माणूस उठून बसेपर्यंत औषधाची बाटली धुऊ नका. आणि वाईट झालंच, तर नशीब म्हणून गप्प बसू नका. काचेला वाचा नसते. बोलायचं तुम्हालाच असतं.